ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे अजब आकडे आणि विक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नचं एमसीजी आपल्याला माहीत आहे ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. पण मार्च ते सप्टेंबर ते मैदान क्रिकेटचं नसतं, फूटीचं असतं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलला तिकडे सगळे फूटीच म्हणतात. नवा प्रेक्षक आधी स्कोअरकार्डापाशी अडतो. ते एकदा कळलं की मात्र आकड्यांचा नाद लागतो, कारण सव्वाशे वर्षांहून जुन्या या लीगच्या नोंदी फार काळजीने जपल्या आहेत. ही लीग १८९७ साली व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) म्हणून सुरू झाली आणि १९९० पासून तिचं नाव एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) झालं. नवे मराठी प्रेक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

१०.१४ (७४) असा स्कोअर दिसतो. तो वाचायचा कसा?

पहिला आकडा गोलांचा, दुसरा बिहाइंडचा, कंसातला एकूण पॉइंटांचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. आक्रमण करणाऱ्या संघाने पायाने मारलेला चेंडू कुणाचाही हात न लागता मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, म्हणजे ६ पॉइंट. उंच आणि बुटक्या खांबाच्या मधून गेला, उंच खांबाला लागला किंवा वाटेत कुणाचा हात लागून आत गेला तर बिहाइंड, म्हणजे १ पॉइंट. म्हणून १० गोलांचे ६० आणि १४ बिहाइंडचे १४, मिळून ७४.

नेम चुकला तरी पॉइंट का देतात?

सुरुवातीला देत नव्हते. १८५९ साली मेलबर्नमध्ये पहिले नियम लिहिले गेले, तेव्हापासून कित्येक वर्षं निकाल फक्त गोलांवर लागायचा. १८९७ मध्ये नवी लीग निघाली आणि तिने गोलाला ६, बिहाइंडला १ असा हिशेब घातला. तो आजही तसाच आहे.

माझ्या मते या खेळातले जवळजवळ सगळे विचित्र आकडे या एका निर्णयातून जन्मले. सॉकरमध्ये खांबाला लागलेला चेंडू हळहळण्यापुरता उरतो. इथे तो फळ्यावर चढतो आणि कधीकधी ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकून देतो. पुढची उत्तरं वाचताना या एका पॉइंटावर नजर ठेवा.

गोल गुणिले बिहाइंड केलं की एकूण स्कोअर येतो, असं कधी होतं का?

होतं, पण फक्त चारच स्कोअरांना. ७.७ (४९) घ्या. सात गोलांचे बेचाळीस, अधिक सात, एकोणपन्नास. आणि सात साते एकोणपन्नास! बाकीचे तीन म्हणजे २.१२ (२४), ३.९ (२७) आणि ४.८ (३२).

पाचवा का नाही, हे शाळेतल्या बीजगणिताने दाखवता येतं. गोल ग, बिहाइंड ब. आपल्याला हवं ६ग + ब = ग × ब. मांडणी बदलली की ब = ६ग ÷ (ग − १). ग आणि ग − १ हे लागोपाठचे आकडे, त्यांना सामाईक भाजक नसतो. म्हणजे ब पूर्णांक यायचा तर ग − १ ने ६ ला निःशेष भाग गेला पाहिजे. सहाचे भाजक १, २, ३ आणि ६. म्हणून ग फक्त २, ३, ४ किंवा ७. शून्य-शून्यही बसतं म्हणा, पण खाली दिसेल की लीगमध्ये तितकी वेळ कुणावर आलेली नाही.

सामना चार क्वार्टरांचा असतो. तो चालू असताना एखादा संघ क्वार्टरअखेर ४.८ वर असला की हे आठवतं आणि मजा येते.

एका सामन्यात सर्वाधिक स्कोअर किती? आणि सर्वांत मोठा विजय?

सर्वाधिक स्कोअर जिलाँगचा: ३७.१७ (२३९), ३ मे १९९२ रोजी कॅरारा इथे, ब्रिस्बेन बेअर्सविरुद्ध. बेअर्सचे ११.९ (७५).

सर्वांत मोठा फरक मात्र या सामन्यातला नाही. तो १९७९ चा. फिट्झरॉयने मेलबर्नला ३६.२२ (२३८) विरुद्ध ६.१२ (४८) असं, १९० पॉइंटांनी हरवलं. दोन्ही स्कोअर शेजारी ठेवा: २३९ आणि २३८. फिट्झरॉयने त्या दिवशी आणखी दोन बिहाइंड मारले असते, तर सर्वाधिक स्कोअरचा विक्रमही आज त्यांच्या नावावर असता.

या दोन विक्रमांचे धागे पुढे एकत्र आले. १९९६ च्या मोसमानंतर आर्थिक अडचणीतलं फिट्झरॉय आणि ब्रिस्बेन बेअर्स यांचं विलीनीकरण होऊन ब्रिस्बेन लायन्स हा संघ झाला. सर्वांत मोठा विजय मिळवणारा आणि सर्वाधिक स्कोअर खाल्लेला, असे दोघे एका जर्सीत आले आणि त्या संघाने २००१, २००२, २००३ अशा सलग तीन ग्रँड फायनल जिंकल्या.

दोन्ही संघांची बेरीज धरली तर १९७८ चा सामना पहिला: सेंट किल्डा ३१.१८ (२०४), मेलबर्न २१.१५ (१४१), एकूण ३४५. आणि सर्वाधिक स्कोअर करूनही हरण्याचा मान जिलाँगचा. १९८९ मध्ये त्यांनी २५.१३ (१६३) केले आणि हॉथॉर्नने २६.१५ (१७१) करून सामना नेला.

आणि सर्वांत कमी?

एक. १८९९ साली जिलाँगविरुद्ध सेंट किल्डाने अख्ख्या सामन्यात ०.१ (१) इतकाच स्कोअर केला. जिलाँगचे २३.२४ (१६२). लीगच्या इतिहासात कुणी शून्यावर राहिलेलं नाही, ते त्या एका बिहाइंडमुळे.

गोलच नाही असा स्कोअर शेवटचा झाला १९६१ मध्ये: रिचमंड ०.८ (८), समोर पुन्हा सेंट किल्डा, पण या वेळी जिंकणारे. ग्रँड फायनलमध्ये सर्वांत कमी स्कोअर १९२७ चा. धो धो पावसात, चिखलात झालेला तो सामना कॉलिंगवुडने २.१३ (२५) विरुद्ध १.७ (१३) असा रिचमंडविरुद्ध जिंकला. चार क्वार्टर आणि दोन्ही संघ मिळून तीन गोल.

विचित्र विक्रमांत सेंट किल्डाचं नाव इतक्या वेळा का येतं?

हा प्रश्न मला फार आवडतो. सेंट किल्डा हा मेलबर्नच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या उपनगराचा क्लब. १८९७ पासून लीगमध्ये आहे, सर्वाधिक वेळा तळाला राहिला आहे आणि जिंकलेली स्पर्धा एकच. पण एका पॉइंटाशी या क्लबचं जे नातं आहे, ते दुसऱ्या कुणाचं नाही.

सुरुवातच पाहा. लीगमधले पहिले ४८ सामने ते सलग हरले. पहिले तीन मोसम एकही विजय नाही. १९०० च्या पहिल्याच फेरीत मेलबर्नशी बरोबरी झाली. सेंट किल्डाने तक्रार केली की मेलबर्नचा एक बिहाइंड क्वार्टर संपल्याची घंटा झाल्यावर मारलेला आहे. तक्रार मान्य झाली, तो पॉइंट वजा झाला आणि सेंट किल्डाला पहिला विजय मिळाला, तोही कागदावर.

मग १९६६ ची ग्रँड फायनल. समोर कॉलिंगवुड, स्कोअर बरोबरीत, शेवटची काही मिनिटं. अठरा वर्षांच्या बॅरी ब्रीनने गर्दीतून घाईघाईत चेंडू मारला. चेंडू वेडावाकडा उसळत बाजूच्या खांबांमधून गेला. बिहाइंड. सेंट किल्डा १०.१४ (७४), कॉलिंगवुड १०.१३ (७३). पहिल्या प्रश्नातला स्कोअर हाच. क्लबची एकमेव प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, त्या चुकलेल्या किकवर उभी आहे, आणि ब्रीनचं नाव आजही त्याच किकसाठी घेतलं जातं.

२००६ मध्ये जे दिलं होतं ते परत गेलं. टास्मानियात लाँसेस्टनला फ्रीमँटलविरुद्ध सामना. फ्रीमँटल एका पॉइंटाने पुढे, शेवटचा सायरन वाजला, पण तो अंपायरांच्या कानी पडलाच नाही आणि खेळ चालू राहिला. त्या जास्तीच्या क्षणांत सेंट किल्डाच्या स्टीव्हन बेकरने बिहाइंड मारला आणि बरोबरी झाली. काही दिवसांनी एएफएल कमिशनने तो पॉइंट रद्द करून सामना फ्रीमँटलला दिला. तक्रारीवरून निकाल बदलण्याची ही १९०० नंतरची पहिलीच वेळ. तेव्हा घंटेनंतरच्या बिहाइंडमुळे जिंकलेला क्लब एकशे सहा वर्षांनी सायरननंतरच्या बिहाइंडमुळे हरला.

आणि २०१० ची ग्रँड फायनल, पुन्हा कॉलिंगवुड. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत सेंट किल्डा एका पॉइंटाने मागे. लेनी हेजने लांब किक मारली. चेंडू गोलासमोर पडला, स्टीफन मिल्न धावत पोचला. सरळ उसळला असता तर तो चेंडू मिल्नच्या हातात होता. तो आडवा उसळला आणि बाजूने बाहेर गेला. बिहाइंड, ६८-६८. पुढच्या शनिवारी सामना पुन्हा खेळवला गेला आणि कॉलिंगवुड १६.१२ (१०८) विरुद्ध ७.१० (५२) असं आरामात जिंकलं. अंडाकृती चेंडू कुठे उसळेल हे कुणाच्याच हातात नसतं. पण त्या एका उसळीचं दुःख सेंट किल्डाच्या लोकांशी बोलताना अजून जाणवतं.

वीज जाऊन सामना अर्धवट थांबला आणि तीन दिवसांनी उरलेला खेळला गेला, अशी घटना १९९६ मध्ये वेव्हर्ली पार्कवर घडली. एसेंडनच्या विरुद्ध कोण होतं, हे आता सांगायला नकोच.

जास्त वेळा नेम धरूनही संघ हरू शकतो का?

हमखास. १९४८ च्या ग्रँड फायनलमध्ये एसेंडनने ३४ वेळा स्कोअर केला, मेलबर्नने १९ वेळा. निकाल: एसेंडन ७.२७ (६९), मेलबर्न १०.९ (६९). सत्तावीस बिहाइंड! त्यातला एक जरी आत गेला असता तर एसेंडन विजेता होता. पुन्हा खेळवलेला सामना मेलबर्नने ३९ पॉइंटांनी जिंकला.

२००८ चं उदाहरण याहून शिकण्यासारखं आहे, कारण त्यामुळे नियम बदलला. जिलाँग त्या वर्षी साखळीत एकच सामना हरलं होतं. ग्रँड फायनलमध्ये त्यांचा स्कोअर ११.२३ (८९), हॉथॉर्नचा १८.७ (११५). जिलाँगचा नेम तर बिघडलेला होताच, पण त्या तेवीसपैकी अकरा बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावपटूंनी स्वतःच चेंडू रेषेपार नेऊन दिले होते. हिशेब सरळ होता: बिहाइंड दिला की एक पॉइंट जातो, पण चेंडू आपल्या ताब्यात येतो आणि सहा पॉइंटांचा धोका टळतो. नियमात बसणारं होतं, म्हणून केलं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, मुद्दाम असा बिहाइंड देणाऱ्याविरुद्ध फ्री किक देण्याचा नियम आला. मला तो बदल योग्य वाटतो. एका पॉइंटाला पळवाट करून टाकलं तर बिहाइंडचा अर्थच जातो.

ग्रँड फायनल बरोबरीत सुटली तर काय होतं?

आता जादा वेळ खेळवतात. पूर्वी पुढच्या आठवड्यात अख्खा सामना नव्याने व्हायचा. असं तीनदा झालं: १९४८, १९७७ (नॉर्थ मेलबर्न ९.२२, कॉलिंगवुड १०.१६, दोघांचे ७६) आणि २०१०. पुन्हा सामना खेळवण्याची प्रथा २०१६ मध्ये बंद केली. साखळीतली बरोबरी मात्र तशीच राहते, दोघांना गुणतक्त्यात दोन-दोन गुण मिळतात.

एका मोसमात १५० गोलांचा विक्रम दोघांच्या नावावर कसा?

साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटने १९३४ मध्ये १५० गोल केले. उंच उडी घेऊन चेंडू झेलण्यात त्याच्यासारखा कुणी नव्हता असं जुने लोक सांगत. पुढच्या वर्षी त्याचा संघ पुन्हा ग्रँड फायनलला पोचला, पण सामन्याच्या दोन दिवस आधी ट्रामधून उतरताना विटांच्या ट्रकने त्याला धडक दिली. प्रॅट खेळू शकला नाही, साउथ मेलबर्न हरलं.

मग १९७१. हॉथॉर्नचा पीटर हडसन ग्रँड फायनलला उतरला तेव्हा त्याचे १४७ गोल झाले होते. समोर, अर्थातच, सेंट किल्डा. सुरुवातीलाच डोक्याला जबर मार बसला, कान फाटला, तरी तो खेळत राहिला आणि तीन गोल करून १५० वर पोचला. विक्रम मोडायला एक हवा होता. तशी संधी आली, एकदा नव्हे. एक किक समोर उभ्या असलेल्या खेळाडूच्या अंगावर गेली. जवळून मारलेला आणखी एक चेंडू बाहेर. हॉथॉर्न ७ पॉइंटांनी जिंकलं आणि आकडा १५० वरच थांबला.

हडसनची पुढची गोष्ट आकड्यांपलीकडची आहे. १९७२ च्या पहिल्या सामन्यात त्याने मध्यंतराआधीच आठ गोल केले आणि गुडघा निखळला. मोसम संपला. १९७३ च्या अखेरीस तो टास्मानियाहून आला, हेलिकॉप्टरने मैदानावर उतरला, कॉलिंगवुडविरुद्ध आठ गोल केले आणि परत गेला. १९७७ मध्ये पूर्ण मोसम खेळून ११० गोल. कारकिर्दीत १२९ सामने, ७२७ गोल. सरासरी साडेपाचाच्या वर. जॉन कोलमनची सरासरीही साडेपाचाच्या जवळ जाते: ९८ सामने, ५३७ गोल, त्यांतले बारा १९४९ च्या पदार्पणाच्या सामन्यात. त्यालाही गुडघ्यानेच थांबवलं, १९५४ मध्ये, आदल्याच आठवड्यात १४ गोल केलेले असताना. मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला आज मिळतं ते कोलमन मेडल त्याच्याच नावाचं.

आता १०० गोल का होत नाहीत?

शेवटचा शंभरी पार करणारा लान्स फ्रँकलिन, २००८ मध्ये, एकूण ११३ गोल. त्याचा शंभरावा गोल साखळीच्या अखेरच्या फेरीत, कार्लटनविरुद्ध झाला आणि त्याच सामन्यात दुसऱ्या टोकाला ब्रेंडन फेव्होलाही शंभराच्या मागे होता. त्याला आठ हवे होते. सात झाले. ९९ वर मोसम संपला, कारण कार्लटन बाद फेरीत नव्हतं.

तेव्हापासून कुणी तिथे पोचलेलं नाही. पूर्वी एक फुल-फॉरवर्ड गोलासमोर उभा असे आणि सगळा संघ त्याच्याकडे चेंडू पोचवत असे. आता खेळाडू सतत आतबाहेर बदलले जातात, बचावाला अठराच्या अठरा मागे येतात, आणि गोल सात-आठ जणांत वाटले जातात. खेळ अधिक वेगवान झाला हे खरं, पण एका माणसाची शंभराकडची वाटचाल शेवटच्या आठवड्यांत साऱ्या शहराला बांधून ठेवायची. ती गेली याची मला खंत आहे.

कारकिर्दीत सर्वाधिक गोल कुणाचे?

टोनी लॉकेट, १,३६० गोल, २८१ सामने. आधी सेंट किल्डा, मग सिडनी. त्याने १९९९ मध्ये कॉलिंगवुडच्या गॉर्डन कोव्हेंट्रीचा १,२९९ गोलांचा विक्रम मोडला. कोव्हेंट्री १९३७ मध्ये निवृत्त झाला होता, म्हणजे विक्रम बासष्ट वर्षं टिकला. हजार गोल सहाच जणांचे: हे दोघे, जेसन डन्स्टल, लान्स फ्रँकलिन, डग वेड आणि गॅरी एबलेट सीनियर. फ्रँकलिनचा हजारावा मार्च २०२२ मध्ये सिडनी क्रिकेट मैदानावर झाला तेव्हा हजारो प्रेक्षक मैदानात उतरले आणि खेळ बराच वेळ थांबला.

पण लॉकेटची सर्वांत गाजलेली किक गोल नाहीच. १९९६ ची प्रिलिमिनरी फायनल (ग्रँड फायनलच्या आधीची फेरी), सिडनी आणि एसेंडन बरोबरीत, लॉकेटच्या हातात चेंडू आणि सायरन वाजलेला. त्याने लांबून मारलेली किक बिहाइंड गेली. तेवढं पुरलं; एका पॉइंटाने सिडनी ग्रँड फायनलमध्ये. त्याआधी हा क्लब, साउथ मेलबर्न या जुन्या नावाने, १९४५ मध्ये तिथे पोचला होता.

व्हीएफएल-एएफएलच्या बाहेर पाहिलं तर लॉकेटच्याही पुढे एक जण आहे. साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये नॉर्थ अॅडलेडकडून खेळलेल्या केन फार्मरने २२४ सामन्यांत १,४१७ गोल केले आणि १९३० ते १९४० सलग अकरा मोसम शंभरी गाठली.

एका सामन्यात एकट्याने सर्वाधिक गोल?

मेलबर्नच्या फ्रेड फॅनिंगचे १८, सेंट किल्डाविरुद्ध, १९४७ मध्ये. तो त्याचा या लीगमधला शेवटचा सामना ठरला. वय जेमतेम पंचवीस. हॅमिल्टन या गावच्या संघाने प्रशिक्षक-खेळाडू म्हणून चांगला पगार देऊ केला आणि तो गेला. इतर राज्यांच्या लीगमध्ये २३ गोलांची नोंद आहे: फार्मरची १९४० मधली, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बर्नी नेलरची १९५३ मधली.

गुणतक्त्यात टक्केवारी लिहिलेली असते. ती कशाची?

केलेले एकूण पॉइंट भागिले दिलेले एकूण पॉइंट, गुणिले शंभर. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. गुण सारखे झाले की टक्केवारी पाहतात. आयपीएलच्या नेट रनरेटचंच काम, पण घरबसल्या दोन आकड्यांत काढता येतं.

त्याची झळ कशी बसते ते कार्लटनला विचारा. २०२२ च्या शेवटच्या फेरीत ते कॉलिंगवुडकडून एका पॉइंटाने हरले. वेस्टर्न बुलडॉग्जशी गुण सारखे झाले आणि टक्केवारीत एक टक्क्याहूनही कमी फरकाने बाद फेरी हुकली. त्या सामन्यात आणखी एक बिहाइंड मिळाला असता तर बरोबरीचे दोन गुण मिळून कार्लटन आत असतं. बावीस सामन्यांचा मोसम एका पॉइंटावर गेला.

तळाला राहून कुणी स्पर्धा जिंकली आहे का?

हो, फिट्झरॉय, १९१६. पहिल्या महायुद्धामुळे चारच क्लब खेळले: कार्लटन, कॉलिंगवुड, रिचमंड आणि फिट्झरॉय. साखळीत फिट्झरॉयचे फक्त दोन विजय, चौथा क्रमांक. पण बाद फेरीत चारच संघ असल्याने त्यांनाही जागा होती. तिथे ते जिंकत गेले आणि प्रीमियर झाले. त्या वर्षी तळाचा संघ आणि विजेता एकच.

उलट टोकाला १९२९ चं कॉलिंगवुड: साखळीतले अठराच्या अठरा सामने जिंकले. मग उपांत्य सामना रिचमंडकडून हरले! तेव्हाच्या नियमाने अव्वल संघाला पुन्हा आव्हान देण्याचा हक्क होता, तो वापरून त्यांनी ग्रँड फायनल जिंकली. साखळीत एकही सामना न हरणारा संघ त्यानंतर झालेला नाही.

प्रेक्षकांनी गोलचे खांब उपटले, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९६७, टास्मानियाच्या राज्य विजेतेपदाचा सामना, बर्नी शहरातलं वेस्ट पार्क मैदान. विनयार्ड ८५, नॉर्थ होबार्ट ८४. सायरन वाजला तेव्हा नॉर्थ होबार्टच्या डेव्हिड कॉलिन्सला गोलासमोर किक मिळालेली होती. सायरनआधी किक मिळाली असेल तर ती नंतरही मारता येते. गोल झाला तर विजय, बिहाइंड गेला तरी बरोबरी. हे विनयार्डच्या पाठीराख्यांना कळत होतं. ते मैदानात घुसले आणि त्यांनी खांब पाडले. खांबच नाहीत, तर किक मारणार कुठे? अखेर ती मारलीच गेली नाही. सामना अनिर्णित ठरवला आणि त्या वर्षीचं विजेतेपद कुणालाच दिलं नाही. कॉलिन्सवर तो अन्यायच झाला.

सलग सर्वाधिक सामने कुणी खेळले?

बराच काळ हा विक्रम जिम स्टाइन्सचा होता: २४४, मेलबर्नकडून, १९८७ ते १९९८. २०२५ मध्ये कॉलिंगवुडच्या जॅक क्रिस्पने तो मोडला. स्टाइन्स मूळचा डब्लिनचा, गेलिक फुटबॉल खेळणारा. अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात येऊन खेळ नव्याने शिकला. पहिल्याच मोसमात, १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्धी किक मारायला उभा असताना तो मधून धावला. दंड म्हणून किक पंधरा मीटर पुढे सरकली. सायरननंतर हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराने गोल केला आणि मेलबर्न दोन पॉइंटांनी हरलं. ज्याला कुणी तोंड दाखवायला जागा ठेवली नसती, तो त्यानंतर अकरा वर्षांत एकही सामना चुकला नाही, आणि १९९१ मध्ये त्याने सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल जिंकलं. या पानावरच्या सगळ्या विक्रमांत माझ्या मनात याचं स्थान सर्वांत वरचं.

कसोटी क्रिकेट आणि फूटी दोन्ही खेळलेले कोण?

बरेच. कीथ मिलर आणि सॅम लॉक्स्टन, दोघेही सेंट किल्डाकडून. मॅक्स वॉकर मेलबर्नकडून. १९८७ चा विश्वचषक कोलकात्यात जिंकणाऱ्या संघातला सायमन ओडॉनेलही सेंट किल्डाकडून २४ सामने खेळला. लॉरी नॅश दोन कसोटी खेळला आणि १९३४ मध्ये व्हिक्टोरियाकडून साउथ ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका सामन्यात त्याने १८ गोल केले.

सर्वाधिक गर्दी?

१,२१,६९६, एमसीजी, १९७० ची ग्रँड फायनल. मध्यंतराला ४४ पॉइंटांनी मागे असलेल्या कार्लटनने कॉलिंगवुडला १७.९ (१११) विरुद्ध १४.१७ (१०१) असं हरवलं. महिलांच्या लीगमध्ये २०१९ ची ग्रँड फायनल अॅडलेड ओव्हलवर ५३,०३४ जणांनी पाहिली.

अलीकडे मोडलेले मोठे विक्रम कोणते?

२०१८ च्या पहिल्या फेरीत हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने कॉलिंगवुडविरुद्ध किकने किंवा हाताने चेंडू ५४ वेळा पुढे दिला. आधीचा उच्चांक ५३ होता. नॉर्थ मेलबर्नचा ब्रेंट हार्वी २०१६ मध्ये ४३२ सामन्यांवर थांबला, त्याआधी मायकल टकचे ४२६ होते. आणि कॉलिंगवुडचा स्कॉट पेंडलबरी २०२४ मध्ये चारशेच्या पार गेला. ब्राउनलो मेडलसाठी अंपायर दर सामन्याला ३, २, १ अशी मतं देतात. सामन्याला अशी एकदाच मतं देण्याच्या पद्धतीत ३६ मतांपुढे कुणी गेलं नव्हतं; २०२४ मध्ये कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सने ४५ मिळवली.